गल्लीत हाय ना!

आमच्या गल्लीत कुणाच्या घरात काय आहे, हे त्या घरातल्या बाईपेक्षा हमीदचाचांना जास्त माहीत असतं. मोठं पातेलं नागनाथच्या माळ्यावर. सतरंज्या देशमुखांकडं. इडलीपात्र मुख्तारच्या घरी, पण त्याची एक ताटली देशमुखीणबाईंकडं राहिलेली. सगळं तोंडपाठ. गल्लीतलं कुणी नवं काही घ्यायला निघालं, की चाचा ओट्यावरून हाक मारतात.

“कुठं निघालास?”

“इस्त्री आणायला, चाचा.”

“गल्लीत हाय ना!”

संपलं. माणूस तिथूनच मागं फिरतो.

चाचांनी चाळीस वर्षं परळीत जीपगाड्या दुरुस्त केल्या. आता गॅरेज बंद आहे, पण नजर तीच. नवी वस्तू दिसली की हातात घ्यायची, कानाशी नेऊन हलवायची आणि विचारायचं, “हे नव्हतं तवा मेलतास का?” या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. मी बऱ्याचदा प्रयत्न केला आहे.

गल्लीत प्रवासाची बॅगसुद्धा एकच चालते. मुख्तारची, निळी, चाकांची. ती दोनदा तिरुपतीला जाऊन आली, एकदा अजमेरला, आणि बाळंतपणासाठी दवाखान्यात किती वेळा गेली याची गणती नाही. तिरुपतीहून आली तेव्हा तिच्या कप्प्यात लाडवाचा चुरा होता, तो मुख्तारच्या पोरांनी चाटूनपुसून खाल्ला. चाचा म्हणाले, “आपल्या समद्यांपरीस जास्त पुण्य तिच्या नावावर हाय.”

आता माझं सांगतो. मी ज्युनिअर कॉलेजात कारकून. माझा रोग मोबाईलवरचा. घरी आलो की खाटेवर पडून मी ‘सेल’ बघायचो आणि बोट आपोआप पुढं जायचं. भाजी चिरायचं यंत्र घेतलं, पाठ खाजवायचं यंत्र घेतलं. बुटांचं कपाट घेतलं, बूट एकच जोड. मोटार धुवायचा पाईप घेतला, मोटार नाही. माझी बायको सुनंदा भांडायची नाही. रिकामी खोकी दारासमोर रचून ठेवायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशी.

मग आमच्या पल्लवीचा अंबाजोगाईला नर्सिंगला नंबर लागला. जूनमध्ये फी भरायची, नाही भरली तर जागा जाणार. पोरगी आनंदानं नाचत होती आणि मी खोक्यांकडं बघत होतो. मला स्वतःची लाज वाटली, अगदी खरी. सुनंदा उठली ती थेट चाचांच्या ओट्यावर गेली.

“चाचा, ह्यांना आवरा. जूनपर्यंत एक खोकं घरात आलं न्हाई पायजे.”

चाचांनी काम अंगावर घेतलं. बोट लावण्याआधी ओट्यावर जाऊन फोन दाखवायचा, असं ठरलं.

“हे काय हाय?”

“ड्रिल मशीन. निम्म्या किमतीत देतायत.”

“भोकं किती पाडायचीत?”

“एक. कॅलेंडरसाठी.”

“नागनाथकडं हाय. जा. चहा बी मिळंल.”

नागनाथ आणि मी नालीच्या पाण्यावरून वर्षभर बोलत नव्हतो. तरी गेलो, चाचांपुढं काय करणार! नागनाथनं मशीन तर दिलंच, वर स्वतः येऊन भोक पाडलं, कारण माझ्या हातावर त्याचा विश्वास नव्हता. नालीचा विषय निघाला, पण कॅलेंडर टांगून झाल्यावर, चहासोबत.

जी वस्तू गल्लीत नसेल तिच्यासाठी दुसरा नियम. “आठ दिवस मनातच ठिव. परळीच्या वीजकेंद्राची राख बसू दे तिच्यावर.” नवव्या दिवशी मी ओट्यावर हजर झालो. चाचांनी विचारलं, “काय घ्यायचं होतं?” मला काही केल्या आठवेना. चाचांनी मला एक केळ दिलं आणि घरी पाठवलं.

एकदा मात्र मी घसरलो. न सांगता मान चोळायचं यंत्र मागवलं. खोकं घेऊन माणूस आला आणि नेमका चाचांनाच पत्ता विचारला. “परत न्या,” चाचा म्हणाले, “त्याची मान ठीक हाय.”

जूनमध्ये फी भरली. पल्लवी हॉस्टेलला गेली आणि मी गल्लीत छाती काढून चालायला लागलो.

चाचांसाठी काहीतरी करावं असं फार वाटत होतं. ते रोज संध्याकाळी आमच्याकडं पक्कड मागायला येत. तासभर बसत, इकडचं तिकडचं बोलत, आणि कित्येकदा पक्कड न्यायची विसरत. चाळीस वर्षं गाड्या उघडलेल्या माणसाकडं साधी पक्कड नसावी? मी बाजारात गेलो आणि हत्यारांची चांगली पेटी घेतली. तडकाफडकी, कुणाला न विचारता.

पेटी द्यायला त्यांच्या घरी गेलो तेव्हा लक्षात आलं, इतक्या वर्षांत मी ओट्याच्या आत पाऊल टाकलेलं नाही. दार लोटलेलं होतं. आत गेलो आणि तिथंच थांबलो.

भिंतीवर पाच पकडी, लहानीपासून मोठीपर्यंत. दोन ड्रिल मशीनं. फळीवर तीन इस्त्र्या, माळ्यावर चाकांच्या बॅगा, कोपऱ्यात ॲल्युमिनियमची शिडी. चाचा कांदा चिरत बसले होते. मला बघून त्यांचा हात थांबला.

“बस,” ते म्हणाले. मग कांदा बाजूला सारत, “मी बी तुझ्यावानीच होतो, सुधाकर. हैदराबादला गेलो की पोतं भरून सामान आणायचो. कुणाला कधी काही मागितलं न्हाई. तुझी चाची म्हणायची, घरात समदं हाय, पण माणूस येत न्हाई. मी हसायचो. ती गेली, पोरी सासरी गेल्या, मग कळलं. आता कावून येतील लोक? मी कधी कुणाच्या दारात गेलतो?”

“मग पक्कड?”

“पक्कड पायजे म्हटलं की लोक ‘बसा’ म्हणतात. नुसतं बसायला आलो म्हटलं की घड्याळ बघतात.”

एकदोनदा घड्याळ मीही बघितलं होतं.

“गल्लीत सांगू नगंस,” चाचा म्हणाले. “हसतील.” मग माझ्या हाताकडं नजर गेली. “ती पेटी कधी घेतलीस?”

“आत्ताच.”

“परत कर.”

मी मान डोलावली. पण नुसतं उठून जाववेना.

“चाचा, शिडी द्या की. पंखा पुसायचाय.”

“देशमुखाकडं हाय ना.”

“देशमुखाची नको. तुमची द्या.”

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं शिडी पुसली. एकेक पायरी, दोन्ही बाजूंनी. “कधी आणून देशील?”

“परवा देतो.”

“परवा कावून? पंख्याला किती येळ लागतोय? सांजच्यालाच आण.”

मी शिडी एका हातानं उचलली आणि दाराशी आलो. मागून आवाज आला, “अन् सुनंदाला बी संगं आण. शिडी जड हाय.”

“लई जड हाय, चाचा,” मी म्हणालो, “दोघं बी येतो.”