पिवळ्या दिव्याचं गाऱ्हाणं

देवबागला आमच्या शेजारी राहणारे दाजी कुणाच्याही गाडीला बिघाड शोधायचा स्कॅनर लावण्याआधी चप्पल काढतात. मग बॉनेटसमोर हात जोडून रीतसर गाऱ्हाणं घालतात. "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेचो पिवळो दिवो खंयच्या सेन्सराच्या रागान पेटलो आसात, तर तो राग शांत कर रे म्हाराजा." गाडीच्या मालकाने "व्हय म्हाराजा" म्हणायचंच. एका पर्यटकाला हसू आलं, तर दाजींनी मुकाट्याने वायर गुंडाळून ठेवली.

दाजींचा सगळा जन्म देवगडचा हापूस ट्रकने मुंबईला पोचवण्यात गेला. संध्याकाळी पडवीत खाडीकडे तोंड करून बसले, की डोळे अर्धवट मिटून ते त्या काळात शिरतात. तेव्हा ट्रकला तेलाचा एकच लाल दिवा असे, आणि तो पेटेपर्यंत बहुतेक वेळा सगळं आटोपलेलं असे. बाकीचं दुखणं कानाने आणि नाकाने ओळखायचं. पुढे गाड्यांत छोटा कॉम्प्युटर आला. दिवा किती वेळा लुकलुकतो ते बघून बिघाड ठरवायचा. मग स्टिअरिंगखाली स्कॅनर लावायची सोय झाली, आणि आता तर बिघाडाचा आकडा थेट मोबाइलवर उमटतो.

"आदी गाडी मुकी होती," दाजी म्हणतात. "आता सगळा सांगता. कोणीतरी इचारूक होया."

त्यांचा मुलगा नंदू पुण्याला असतो. बापलेकांचं बोलणं दाजींच्या बायकोमार्फत, म्हणजे आमच्या काकींमार्फत चाले. काकी गेल्या आणि ते आटलंच. पण गेल्या वर्षी नंदूच्या गाडीचा इंजिनातला बिघाड सांगणारा पिवळा दिवा पेटला आणि त्याचे फोन येऊ लागले.

"बाबा, दिवो परत पेटलो."

"इंजिन तापता?"

"नाय."

"मगे ऱ्हव दे. उद्या बघून सांग."

गणपतीत नंदू आला तेव्हा दाजींनी त्याच्याही गाडीला गाऱ्हाणं घातलं, स्कॅनर लावला आणि "बघूया" म्हणून सोडून दिलं. तो गेल्यावर मी खोदून विचारलं. मला भोचकपणाची सवयच आहे. एका सेन्सरची पिन सैल होती, गाडीला त्याने काही धोका नव्हता आणि चिमटीत दाबली असती तरी बसली असती.

"मग दाबली का नाही?"

"दिवो पेटाचोच नाय, तर तो माका फोन कित्याक करतलो?"

 

शिमग्याच्या सुमारास नंदूने कळवलं, पुण्यातल्या मेकॅनिकने काम करून दिलं, दिवा गेला. "बरा झाला," दाजी म्हणाले. त्यानंतर मोबाइल मांडीवर ठेवून ते संध्याकाळभर भरतीचं पाणी बघत बसत. ट्रकच्या गोष्टी बंद झाल्या. 

एके दिवशी आम्ही दोघं पडवीत तसेच बसलो असताना त्यांचा फोन वाजला.

"पेटलो?" दाजींनी घाईघाईने विचारलं.

"नाय, बाबा. असोच फोन केलंय."

दाजी गडबडले. गाडी धडधाकट असताना पोराला काय विचारायचं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "जेवलंस रे?"