एकोणनव्वदावा दिवस

अठरा वर्षांत माझ्या हातून प्रयोगशाळेतली एकही काच फुटलेली नाही! हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचो. आता ऐकवत नाही.

मी इथला मदतनीस. आमच्याकडे एक संशोधक पोरगी आहे. मला काका म्हणते, रोज अर्धा डबा माझ्यापुढे सरकवते. तिनं काचेच्या तुकड्यावर चांदीच्या तारांचं जाळं पसरलं होतं. तारा केसाहून हजारपट बारीक! डोळ्यांना दिसत काही नाही, पण वीज खेळते. मोबाइलच्या पडद्याला, सौरपट्टीला अशीच आरपार दिसणारी काच लागते म्हणे. अडचण एकच, चांदी हवेत काळवंडते. म्हणून तिनं वर संरक्षक थर चढवला आणि काच नव्वद दिवस उघड्यावर ठेवली. रोज मोजायचं, रोज लिहायचं. नव्वद भरले की प्रबंध जमा!

एकोणनव्वदाव्या दिवशी तिचं काम बघायला परीक्षक यायचे होते. पोरगी त्यांना आणायला खाली गेली. बघतो तर काचेवर ही धूळ! म्हटलं, चारचौघांत पोरीची शोभा नको. फडकं घेतलं आणि खसाखसा पुसली.

मग आठवलं, आपण काय पुसलं ते.

घाईघाईत काच टेबलावर टाकून मीटर लावला. काटा हलेना! पोरीचे तीन महिने मी फडक्यानं पुसून टाकले होते. सरळ कबूल करायचं की नाही? पण अक्कल गेली होती चरायला. कपाटातून त्याच मापाची कोरी काच काढून जागेवर ठेवली आणि तिची काच पँटच्या मागच्या खिशात सारली.

परीक्षक आले, सोबत आमचे सर. पोरीनं मीटर लावला. काटा ढिम्म.

"काल तर चालत होती हो!" तिचा आवाज रडवेला झाला.

"काका, तुम्हाला एवढा घाम का फुटलाय?" सर म्हणाले. "बसा बघू आधी."

मी बसलो.

कट्ट!

"काय वाजलं?"

"गुडघा, सर."

"मागून?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला राहवेना. सगळं ओकलो. खिशातून तीन तुकडे काढून तिच्यापुढे ठेवले.

तिनं मोठा तुकडा मोजला. काही नाही. उलटा करून मोजला, तर काटा टणकन उडाला!

"काका, तुम्ही कोऱ्या बाजूनं मोजलंत! थर शाबूत आहे!"

"वा! फडक्यालाही पुरून उरला की!" परीक्षक खूश.

"मग जमलं ना?" मी हुरळलो.

"नाही हो काका. शेवटचं माप अख्ख्या काचेचंच लागतं. आता पुन्हा पहिल्या दिवसापासून."

पुसण्यानं काही बिघडलं नव्हतं, बिघडलं ते लपवण्यानं. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. दुपारी तिनं नेहमीसारखा अर्धा डबा पुढे सरकवला.

मग तिनं नोंदवही उघडली. नमुना बाद होण्याचं कारण लिहायचं होतं. 'बाहेरून पडलेला दाब,' तिनं लिहिलं आणि मान वर केली.

"काका, वजन किती हो तुमचं?"

"अठ्ठ्याहत्तर."

तिनं विश्वासानं लिहून घेतलं.

खरं ब्याऐंशी आहे.