फणसाच्या सावलीची तक्रार

मोहखोऱ्याच्या रानात लोक सावली कापून विकतात. विळ्याने कडेकडेने सोडवायची, चटईसारखी गुंडाळायची, वेलीने बांधायची आणि बाजारात न्यायची. खालच्या माळावरची माणसं तिच्या बदल्यात मीठ देतात. माळावर झाड नाही, रानात मीठ नाही, त्यामुळे दोघांचंही बरं चाललं होतं. बाभळीची सावली स्वस्त, पण भोकं फार. चिंचेची थंड, पण तिच्याखाली माणूस बसल्याबसल्या पेंगतो. फणसाची सगळ्यांत दाट. कापलेल्या झाडाला पुन्हा सावली फुटते. तोवर ते जरा ओशाळल्यासारखं उभं असतं.

हिरूचा थोरला भाऊ कोंडू म्हणजे खोऱ्यातला पहिल्या नंबरचा कापणारा. तो फणस उतरवायला चढला आणि फांदीसकट खाली आला. त्या रानात माणूस गेला तरी त्याची सावली पडल्या जागी राहते. अमावास्येच्या आत घरच्यांनी ती उचलून मोहाच्या बुंध्याशी ठेवायची, म्हणजे ती झाडात मुरते आणि माणूस सुटतो. घरी राहिली तर मोहाशी नेईपर्यंत नुसती रेंगाळते. माळावर गेली, तर अमावास्येच्या अंधारात विरते आणि माणूस कुठलाच उरत नाही.

हिरूला ही रीत माहीत होती. पण फणसासमोर उभं राहिल्यावर त्याचं डोकं फिरलं.

"माझा भाऊ खाल्लास आणि वर गारेगार उभा राहतोस?" तो म्हणाला, आणि विळा काढून त्याने झाडाची अख्खी सावली ओरबाडली. तिरीमिरीत बाजारात नेऊन माळावरच्या गिरजाबाई खानावळवालीला पोतंभर मिठावर देऊन टाकली.

घरी आल्यावर आईने विचारलं, "कोंडूला कुठं ठेवलंस?"

हिरूने मिठाच्या पोत्याकडे पाहिलं. भावाची सावली त्याच फणसाखाली, त्याच सावलीत पडलेली होती, हे तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं.

आईने पोतं पायाने बाजूला सारलं. मग म्हणाली, "पुढच्या बाजाराला जा. मोकळ्या हाताने आलास तर उंबऱ्याबाहेरच थांब."

रानातला माणूस माळावर उतरत नाही, म्हणून हिरू पुढच्या बाजारापर्यंत थांबला. बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी अमावास्या होती. तो पोतं घेऊन पोचला, तर गिरजाबाई आधीच सावलीची गुंडाळी काखोटीला मारून, मालाचे तंटे सोडवणाऱ्या पारखी भागोजीसमोर उभी. पारख्याने कुठल्याही सावलीची बाजू घेऊ नये, म्हणून त्याला भर उन्हात बसावं लागतं.

"मालात दोष आहे," गिरजाबाई सांगत होती. "सकाळी नीट पसरते. पंगत बसली, भात वाढला, की हिच्यातला एक तुकडा उठतो आणि विहिरीवर जाऊन आडवा होतो. गिऱ्हाइकाच्या टकलावर ऊन. परवा एकाची पाठ खाजवली."

"कोणी?"

"सावलीने."

"त्या गिऱ्हाइकाची काही तक्रार?"

"तो काय तक्रार करतो. रोज तीच जागा मागतो. बाकीचेही मागतात. त्यावरून भांडणं लागलीत."

"बाबा, तो माझा भाऊ आहे," हिरू मध्येच भागोजीला म्हणाला. "फणसाच्या सावलीबरोबर चुकून विकला गेला. हे मीठ परत घ्या. थोडं आयेनं लोणच्याला काढलंय."

"विकलेला माल दोष दिसला तरच परत होतो," भागोजी म्हणाला. "पसरा."

सावली पसरली. सगळे वाट बघत बसले. गिरजाबाईने मुद्दाम भात मागवून वाढला. सावली हलली नाही. कोंडू जिवंतपणीही अधिकाऱ्यासमोर असाच गप्प उभा राहायचा.

"दोष नाही," भागोजी म्हणाला. "बाई, घेऊन जा."

"म्हणजे मी खोटारडी?" असं पुटपुटत गिरजाबाई गुंडाळायला लागली.

"दादा, ऊठ," हिरू म्हणाला. "आये थांबलीय रे."

सावली तशीच. मग हिरूने विळा उपसला, शेजारच्या चिंचेच्या सावलीत भसकन खुपसला आणि पातं उभं धरून मधूनच फाडायला लागला. कोंडूला उपास चालायचा, शिव्या चालायच्या. वाईट कापणी मात्र त्याला कधी बघवली नव्हती.

अर्धवट गुंडाळीतून एक काळा हात बाहेर आला. त्याने हिरूच्या कानाखाली एक ठेवून दिली. मग त्याचं मनगट धरलं, पातं आडवं केलं आणि कडेने हलकेच ओढत नेलं. चिंचेची सावली केळ्याच्या सालीसारखी सुटून आली.

"हळू मार ना, दादा," हिरू म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते.

"दोष आहे," भागोजी म्हणाला. "माल मारतो. भाऊ काढून घ्या, फणस बाईंकडे राहील."

"आणि मधे भोक पडेल त्याचं काय?"

"ही चिंच कापलीच आहे, तिचं ठिगळ लावा."

"तिथं बसेल तो पेंगेल की."

"भांडणाऱ्यांना तिथं बसवा."

गिरजाबाईने क्षणभर विचार केला आणि मिठाचं पोतं हिरूकडे ढकललं. "राहू दे. आईला लोणचं घालू दे."

घरी आल्यावर आई मोहाकडे निघाली, तर हिरू जागचा हलेना.

"आये, मला अजून धड कापता येत नाही. दादा आत्ता कुठं शिकवायला लागलाय."

आईने आधी त्याच्याकडे आणि मग सावलीकडे पाहिलं. "शिकून घे मग," ती म्हणाली. "शिकलास की ठेवू."

त्यानंतर कितीतरी अमावास्या गेल्या. हिरूचा हात अजून बसलेला नाही. त्याच्या मालाच्या कडा उसवलेल्या असतात, मीठही कमी मिळतं. भागोजी दर बाजाराला गुंडाळी उलटीपालटी करून विचारतो, "अजून शिकतोच आहेस?"

"डोकं मठ्ठ आहे माझं, बाबा," हिरू म्हणतो, आणि लाल झालेला कान चोळत पुढची गुंडाळी सोडतो.