खुणांनी कसं वागावं

मी बावीस वर्षं एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काम करतो. ज्या कागदाला शीर्षक नाही तो कागद नसून रद्दी आहे, असं माझं ठाम मत आहे. घरात मी ते बोलून दाखवत नाही. (एकदा दाखवलं होतं. विषय वाणसामानाच्या यादीचा होता. ते जाऊ द्या.) पण त्या रविवारी सकाळी बायको एका शब्दाची खात्री करून घ्यायला शिंप्याकडे गेली, तिचा कॉम्प्युटर उघडा राहिला, आणि मी फक्त पाच मिनिटं त्याच्यासमोर बसायचं ठरवलं.

बायको शिवणकामातल्या शब्दांचा कोश करत होती. धावदोरा, तुरपाई, गोट, अस्तर, उसवण असे एकशे त्रेचाळीस शब्द, आणि प्रत्येक शब्द कुठल्या शिंप्याच्या तोंडून आला त्याचा पुरावा. हे पुरावे इंटरनेटवरच्या एका संग्रहात आहेत. तिथे म्हाताऱ्या शिंप्यांच्या मुलाखती पानापानांनी लिहून ठेवल्या आहेत. तीन वर्षं तिने त्या चाळल्या. पुराव्यांची यादी संपादकबाईंना सोमवारी दुपारपर्यंत हवी होती. नाहीतर कोश पुढच्या वर्षावर जाणार होता, आणि पुढच्या वर्षावर गेलेली पुस्तकं सहसा तिथेच राहतात, असंही बाईंनी फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं.

ज्या एडिटरमध्ये ती लिहिते तो तिला मीच बसवून दिला. आहे साधा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, पण त्याच्या पोटातच ब्राउझर आहे. लिहिता लिहिता तिथेच पान उघडायचं, वाचायचं, कामाचं वाटलं तर एक कळ दाबून बुकमार्क, म्हणजे वाचनखूण ठेवायची. तिने हे माझ्याकडून दहा मिनिटांत शिकून घेतलं आणि त्यानंतर मला एकही शंका विचारली नाही. (मला जरा वाईटच वाटलं होतं.) कुठला पुरावा कुठल्या पानावर आहे, हे फक्त तिने ठेवलेल्या या खुणांतच होतं.

तर मी तिच्या खुणांची यादी उघडली आणि मला दरदरून घाम फुटला. एका खुणेचं नाव ‘चिडका म्हातारा’. दुसरीचं ‘थापा मारतोय पण शब्द खरा’. मग ‘हेच ते’, ‘हे नाही, याच्या खालचं’, ‘नको’, आणि त्याच्या लगेच खाली ‘नको म्हटलं तरी असू दे’. माझ्या हाताखालच्या कुणी अशी नोंद केली असती तर मी त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला असता. हीच यादी उद्या संपादकबाईंच्या हातात पडली तर आपल्या घराण्याबद्दल त्यांचं काय मत होईल, या विचाराने माझा जीव कासावीस झाला.

सेटिंग्जमध्ये दोन सोयी होत्या. खुणेला पानाचंच शीर्षक द्यावं, ही पहिली. एकाच शीर्षकाच्या खुणा पुन्हा पुन्हा न ठेवता एकच ठेवावी, ही दुसरी. वाचून मन भरून आलं. जगात कुठेतरी माझ्यासारखा विचार करणारा आणखी एक माणूस होता. मी दोन्ही सोयी चालू केल्या, ‘सर्व खुणांना लागू करा’ दाबलं, यादी सेव्ह केली, बंद केली आणि चहा टाकला.

चहा घेऊन आलो आणि यादी पुन्हा उघडली. तिच्यात एक ओळ होती. ‘मुखपृष्ठ’.

यादी किती आटोपशीर झाली, हा माझा पहिला विचार होता. दुसरा विचार यायला चहा निवेपर्यंत वेळ लागला. ज्या कुणी तो संग्रह इंटरनेटवर चढवला होता, त्याने प्रत्येक पानाला ‘मुखपृष्ठ’ हे एकच शीर्षक देऊन टाकलं होतं. चिडका म्हातारा मुखपृष्ठ, थापाड्याही मुखपृष्ठ. मी ‘पूर्ववत करा’ दाबलं. पूर्ववत करण्यासारखं काही उरलेलं नाही, असं एडिटरने नम्रपणे कळवलं. बॅकअप होता. पण तो होता कोश सुरू व्हायच्या आधीचा.

बायको अकराला आली, खुशीत. शिंप्याने शब्द बरोबर आहे म्हणून सांगितलं होतं.

“तुझ्या खुणांचं जरा वर्गीकरण केलंय,” मी म्हणालो.

“कसं?”

“एकच वर्ग झालाय.”

ती खांद्यावरची पर्स न काढताच कॉम्प्युटरसमोर बसली. बराच वेळ त्या एका ओळीकडे पाहत राहिली. ती ओरडली असती तर मला सोसलं असतं. तिचे डोळे भरून आले आणि मला माझी मनापासून लाज वाटली. रेकॉर्ड रूमची बावीस वर्षं त्या क्षणी कुणाला तरी देऊन टाकावीशी वाटली. तरीही तोंड गप्प बसेना. मी म्हणालो की खुणेला पानाचं नाव असावं, असा आपला माझा हेतू होता.

“अहो,” ती शांतपणे म्हणाली, “शिंपी कापडावर खडूनं खूण करतो, ती कापडाचं नाव लिहायला का? कात्री कुठे घालायची ते त्याचं त्याला कळावं म्हणून करतो.”

मी निवलेला चहा मोरीत ओतून आलो. (कपही विसळून ठेवला.)

मग तिने पर्स काढली, मला खुर्चीत बसवलं आणि डोळे मिटून सांगायला लागली. चिडका म्हातारा म्हणजे बटणांवरून मुलाखत घेणाऱ्याशी भांडलेला, त्याचं तिसरं पान. ‘नको म्हटलं तरी असू दे’ म्हणजे अस्तराबद्दल बोलता बोलता सुनेची गाऱ्हाणी सांगणारा, सहावं पान. नावं तिची स्वतःची होती, म्हणून एकूण एक तिला तोंडपाठ होती. ती सांगायची, मी पान शोधायचो, पुरावा वाचून दाखवायचो, खूण ठेवायचो आणि निमूटपणे ‘चिडका म्हातारा’ टाइप करायचो. जेवणं उभ्याउभ्याच झाली. शंभरीच्या आसपास तिच्या लक्षात आलं की ‘गोट’ आणि ‘पट्टी’ यांचे पुरावे तिच्याच हातून उलटसुलट झाले होते. एका अर्थी बरंच झालं, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तिने माझ्याकडे पाहिलं, मी मिटलं. दिवेलागणीला एकशे त्रेचाळिसावी खूण लागली.

यादी वेळेवर पोचली आणि कोशही निघाला. प्रस्तावनेच्या शेवटी दोन वाक्यं आहेत: ‘या कोशातला प्रत्येक पुरावा दोनदा तपासलेला आहे. दुसऱ्यांदा तपासणं भाग पाडल्याबद्दल पतींची मी ऋणी आहे.’

पुस्तकात आपला उल्लेख आला म्हणून मी भीत भीत का होईना, पण सुखावलो. सासूबाईंना फोन लावून दोन्ही वाक्यं सावकाश वाचून दाखवली. त्यांनी सगळी हकिकत लेकीकडून आधीच ऐकलेली होती. त्या म्हणाल्या, “जावईबापू, पोरीनं तुमचं नाव घातलं नाही, हे एक फार बरं केलं.”