अण्णांचा पाण्याचा तास

परासरणाचा धडा आपल्याइतका चांगला दुसरं कुणी शिकवूच शकत नाही, असं सरांचं ठाम मत होतं. ते खोडायला कधी कुणी पुढे आलं नव्हतं, कारण शाळेत जीवशास्त्र शिकवणारं दुसरं कुणी नव्हतंच. सव्वीस वर्षं ते वर्गात बेदाणे भिजत घालत आले होते. पाणी कुठून कुठे जातं, असं विचारलं की मागच्या बाकावरचा ठोंब्याही झोपेतून उठून सांगायचा: जिकडे मीठ-साखर जास्त, तिकडे. पेशीचं पातळ आवरण पाण्याला आत सोडतं, मीठ-साखरेला दारातच अडवतं. म्हणून बेदाणा फुगतो.

असा मुलगा घरात असताना अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अण्णांना काय कमी पडणार?

अण्णांचा रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी लघवी वाढवणारी एक गोळी दिली आणि मीठ बेताने खा म्हणून सांगितलं. ‘बेताने’ हा शब्द सरांना अवैज्ञानिक वाटला. त्यांनी मीठ बंदच करून टाकलं. शिवाय शरीर आतून धुऊन निघावं म्हणून पाण्याचं वेळापत्रक आखून फ्रिजवर चिकटवलं. शाळेसारखे आठ तास, प्रत्येक तासाला दोन पेले, मधल्या सुट्टीत एक. मोबाइलवर घंटा लावली.

दुसरा कुणी म्हातारा असता तर त्याने तिसऱ्या दिवशी पेला कुंडीत ओतला असता. पण अण्णा रेल्वेतले निवृत्त सिग्नलमन. घंटा झाली की काम करायचं, का म्हणून विचारायचं नाही, यावर त्यांची चाळीस वर्षं गेली होती आणि एकही गाडी गाडीवर आदळली नव्हती. घंटा व्हायची, अण्णा प्यायचे. दिवसाला चार लिटर.

दहाव्या दिवशी अण्णांचं डोकं दुखायला लागलं. सर म्हणाले, घाण बाहेर पडताना असंच होतं. बाराव्या दिवशी त्यांना मळमळायला लागलं आणि त्यांनी चपला उलट्या पायांत घातल्या. सर म्हणाले, वय. चौदाव्या दिवशी अण्णा स्वयंपाकघरात आले, फ्रिजची मूठ दोन्ही हातांनी धरून खाली ओढू लागले आणि सुनेला म्हणाले की गाडी बाहेर ताटकळली आहे, सिग्नलचा खटका पडत नाही.

सून घाबरली. तिने सरांना शाळेतून बोलावून घेतलं आणि सांगितलं, “अहो, हे वयाचं नाही. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेऊ या.”

सरांनी अण्णांच्या जिभेकडे पाहिलं, वेळापत्रकाकडे पाहिलं आणि निदान केलं, “पाणी कमी पडतंय.”

वरचे दोन पेले त्यांनी स्वतःच्या हाताने पाजले. तासाभराने अण्णा खुर्चीवरून खाली आले. हातपाय झटके देत होते, डोळे वर गेले होते, तोंडाला फेस. आणि मोबाइल आपली घंटा वाजवत होता.

इस्पितळात रक्त तपासलं. सोडियम एकशेपस्तीसच्या वर हवं, ते एकशेबारा होतं. डॉक्टरीणबाई सरांच्या निम्म्या वयाच्या होत्या. नातेवाइकांना समजेल अशा भाषेत सांगायची त्यांना सवय होती.

“बेदाणे पाण्यात टाकलेले कधी पाहिलेत?” त्यांनी विचारलं.

सर हळूच म्हणाले, पाहिलेत.

“यांच्या मेंदूच्या पेशींचं तेच झालंय. रक्तातलं मीठ उतरलं, पाणी पेशींत शिरलं. बेदाण्याला वाटीत जागा असते हो. मेंदूला कवटीत कुठली? किती पाणी देत होतात?”

सुनेने आकडा सांगितला. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

इथे सरांनी गप्प बसायला हवं होतं. पण चूक कळली की लगेच दुरुस्त करायची, हा शिक्षकी बाणा. संध्याकाळी नर्सची पाठ वळताच त्यांनी अर्धा पेला पाण्यात चार चमचे मीठ ढवळलं आणि गुंगीतल्या अण्णांच्या ओठांना लावलं. पहिल्याच घोटाला अण्णांनी ते सरांच्या शर्टावर उलटून टाकलं. अण्णांच्या गेल्या पंधरवड्यातला शहाणपणाचा निर्णय तो एकच.

डॉक्टरीणबाई आवाज न चढवता बोलल्या, ते जास्त वाईट होतं. “मीठ थेंबाथेंबाने चढवायचं असतं. एकदम वाढलं तर फुगलेल्या पेशी एका झटक्यात सुकतात, मेंदूच्या देठाला इजा होते. मग माणूस जागा राहतो, सगळं ऐकतो, पण बोलू शकत नाही, हलू शकत नाही. तुम्ही बाहेर बसा.”

सर तीन दिवस बाहेर बसले. आत अण्णा गुंगीतच पाणी मागायचे आणि त्यांना ओठांवर नुसता ओला बोळा मिळायचा. ते मागणं दाराबाहेर स्पष्ट ऐकू यायचं. आपल्याला बाप परत मिळणार की नुसता त्याचा देह, एवढा एकच प्रश्न सरांपुढे होता, आणि त्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं.

चौथ्या दिवशी अण्णा पूर्ण शुद्धीवर आले. सरांना आत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी अण्णांना वार विचारला, अण्णांनी बरोबर सांगितला. साल विचारलं, तेही बरोबर. मग सरांकडे बोट करून विचारलं, “हे कोण?”

अण्णांनी सरांकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“नाही ओळखत.”

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, मेंदूची आणखी एक तपासणी लावली आणि बाहेर गेल्या. सर भिंतीकडे तोंड करून रडू लागले. सुनेने पलंगाचा कठडा घट्ट धरला आणि विचारलं, “अण्णा, खरंच ओळखलं नाहीत?”

“ओळखलं गं,” अण्णा पुटपुटले. “पण तुमचा मुलगा काय करतो, असं बाईंनी विचारलं असतं, तर जीवशास्त्र शिकवतो हे कोणत्या तोंडाने सांगणार होतो?”

त्या उत्तरापायी अण्णांना इस्पितळात आणखी दोन दिवस ठेवून घेतलं. सरांना खरा प्रकार डॉक्टरीणबाईंना सांगता आला असता. ते दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले.