मोडो खाट, फुटो माठ

"एका कवितेत गार करते की नाही बघ त्या माणसाला!" आक्काने जाहीर केलं, आणि पेनाचं टोपण असं काढलं की म्यानातून तलवारच उपसली!

तो माणूस म्हणजे वरच्या मजल्यावरचा कवायत-मास्तर. आक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला होती. आताच्यासारखं तेव्हा बोट लावलं की फोन लागला, असं नव्हतं. आक्कासारख्या बायका कानाला यंत्र लावून, दोऱ्या खुपसून साऱ्या गावाची बोलणी जुळवून देत. रात्रभर परक्यांचे 'हॅलो हॅलो' ऐकून बिचारी घरी येई, दुपारी जरा डोळा लागे, आणि नेमका तेव्हाच मास्तर बूट घालून सराव सुरू करी. डावा-उजवा, डावा-उजवा! पीठ चाळावं तसा छताचा चुना आक्काच्या उशीवर पडे.

"अगं, तोंडाने सांग की त्याला," आई म्हणाली. आई स्वतः ढगफुटीतही घोरली असती.

"सांगितलं! 'बरं आक्का' म्हणाला, सलाम ठोकला, आणि त्या सलामालासुद्धा बूट आपटला!"

म्हणून ही कविता. रेडिओवर श्रोत्यांच्या कवितांचा कार्यक्रम लागे. आक्का स्वतः जाऊन कागद देऊन आली, आणि "खणखणीत आवाजाच्या माणसाकडून वाचून घ्या," असं बजावूनही आली. सगळ्या जगासमोर शोभा झाली की उतरतील बूट!

रविवारी तिने रेडिओ कपाटावर चढवला, त्याचं तोंड छताकडे केलं आणि आवाजाचं बटण पिळता येईल तेवढं पिळलं.

"आता ऐका," निवेदिका म्हणाली, "एक नवी अंगाई."

अंगाई? आक्का स्टुलावरून पडता पडता वाचली. बासरी वाजली. पाठोपाठ साखरेच्या पाकातून निथळून आल्यासारखा एक आवाज गाऊ लागला:

मोडो खाट, फुटो माठ,
लागो बुटांना वाळवी,
झोप तुझ्या पापण्यांची
सात समुद्रांत जावी!

"किती गोड गं!" आई म्हणाली आणि जागच्या जागी पेंगली.

आक्काने धावत जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून रेडिओच्या संगीतकाराला फोन लावला. "अहो, हे काय करून ठेवलंत?"

"बाई, तुम्ही देवासारख्या धावलात! अंगाई लिहिणारे कवी तापाने फणफणलेले. इकडे चाल तयार, वादक बसलेले, गायिका घसा साफ करून उभी! टेबलावर तुमची कविता दिसली. अक्षरं मोजली, तर आठ-आठ! चपखल बसली!"

"आणि अर्थ?"

"अर्थ बसवायला श्रोते आहेत की!"

आक्का घरी परतली, तर दारात मास्तर. डोळे पाणावलेले. आता माफी मागणार, असं वाटून तिने मान ताठ केली.

"आक्का, काल बाळाला दवाखान्यातून घरी आणलं. तेव्हापासून मिनिटभर झोपलं नव्हतं. तुमचं गाणं वर आलं, आणि झोपलं हो!"

"शब्द ऐकलेत का शब्द?"

"हो तर! खाटबीट होतं काहीतरी. कसं घरगुती!" मास्तरने सलाम ठोकला. बुटासकट.

त्या दिवसापासून मास्तर रोज दुपारी बाळाला खांद्यावर टाकून, बूट घालून, तेच गाणं म्हणत खोलीभर फिरू लागला. डावा पाय 'मोडो खाट', उजवा पाय 'फुटो माठ'!

बघता बघता गाणं गावभर झालं. प्रसूतिगृहातल्या नर्सबाई गाऊ लागल्या. आजीमंडळी गाऊ लागली. दुकानात बाळांच्या उश्या आल्या, आणि त्यांवर गुलाबाच्या वेलीत नाजूक टाक्यांनी भरलेलं, 'लागो बुटांना वाळवी'! आक्काला तिथंच घेरी आली. कुणाला कसं काही वाटत नाही? चांगली शिकलेली माणसं!

शिकलेल्यांचं तर विचारूच नका. एका प्राध्यापकांनी व्याख्यान दिलं. खाट म्हणजे देह, माठ म्हणजे अहंकार, बूट म्हणजे संसाराची धावपळ! आक्का ताडकन उभी राहिली.

"माठ म्हणजे माठ! वरच्या मास्तरचा! पाणी प्यायचा!"

प्राध्यापक मायेने हसले. "कवीला स्वतःच्या कवितेची खोली माहीत नसतेच, बाई. बसा."

बसते कसली! आक्का तशीच तरातरा वरच्या मजल्यावर गेली आणि तिने मास्तरच्या हातात कवितेचा कागद कोंबला. "चाल न लावता वाचा. मोठ्याने!"

मास्तरने कवायतीच्या आवाजात सुरुवात केली. "मोडो! खाट! फुटो! माठ!" तिसऱ्या ओळीला त्याचा आवाज बसला. चौथीला तो स्वतः बसला. चेहरा चुन्यासारखा पांढरा!

"आक्का... म्हणजे मी रोज माझ्याच तोंडाने माझ्या बाळाची झोप...?"

त्याच्या बायकोने बाळाला पदराखाली ओढलं.

"बाळाला नाही हो! तुम्हाला! तुमच्या त्या बुटांना!" आक्का ओरडली.

मास्तरने तिथल्या तिथे बूट काढले आणि दाराबाहेर नेऊन ठेवले. गाणं बंद झालं. साऱ्या गावात निदान एका माणसाला तरी कविता कळली! आक्का विजयी मुद्रेने खाली आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर चिडीचूप. आक्काने चादर ओढली, कूस बदलली, आणि...

"ट्याँ!"

असं रडणं तिने जन्मात ऐकलं नव्हतं. मास्तरच्या बायकोने दुसरी गाणी म्हटली, मास्तरने शिट्टी वाजवली, खुळखुळा वाजवला. छताचा चुना पुन्हा पडू लागला, आणि या वेळी बुटांशिवाय! घराघरांत बाळं गुडुप झोपली होती. हे एकटंच टक्क जागं, कारण अर्थ फक्त त्याच्या बापाला कळला होता!

आक्का चादर फेकून उठली.

"कुठे निघालीस?" आईने विचारलं.

"माझी झोप आणायला!"

वर जाऊन तिने बाळाला खांद्यावर घेतलं. मास्तर आणि त्याची बायको भेदरून भिंतीला टेकले. आक्काने एकदा दोघांकडे बघितलं, एकदा छताकडे, मग डोळे मिटले, आणि 'हॅलो हॅलो' करून बसलेल्या घशातून जमेल तेवढ्या लाडाने सुरू केलं, "मोडो खाट... फुटो माठ..."

रडणं थांबलं. मास्तर अनवाणी, चवड्यांवर, मांजरासारखा जवळ आला आणि तिच्या कानाशी कुजबुजला,

"आक्का, 'वाळवी'वर जरा जास्त माया करा. तिथेच डोळे मिटतो तो."