टेंभरे गुरुजींचं दुसरं वाक्य

लग्नात जेवायला बसण्याआधी टेंभरे गुरुजी नवरदेवाचं निदान करतात. मांडवाकडे टक लावून बघतात आणि शेजाऱ्याच्या कानात, पण दोन पंगतींना ऐकू जाईल असं सांगतात, "पोरगा सपाट आहे. पोरगी घनगोल. कथानक तीच ओढून नेईल."

गुरुजी शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर वर्ग सुटला, शिकवणं सुटलं नाही. जो एका वाक्यात संपतो तो माणूस सपाट. ज्याच्याबद्दल पहिल्याशी न जुळणारं दुसरं वाक्य सांगता येतं तो घनगोल, अशी त्यांची सोपी व्याख्या. सरपंचांना त्यांनी तोंडावर गौण पात्र म्हटलंय. ग्रामसभेत कोणी लांबण लावली की मागून आवाज येतो, "वर्णन कायले करून राहिला गा? संघर्ष सांग!" बसस्टँडवरच्या चहावाल्याने एकदा विचारलं, "मास्टरजी, हम क्या हैं?" गुरुजींनी कप खाली ठेवून नीट विचार केला. "तुम वातावरण हो. तुम्हारे बिना कहानी खड़ी नहीं होती." तो चहावाला अजून ते गिऱ्हाइकांना सांगतो.

माझे बाबा इटियाडोह धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते. धानाच्या बांध्यांना पाळीपाळीने पाणी सोडायचं काम. ते गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येकजण ओसरीवर बसून एकच बोलत होता, "लय शांत माणूस." मीही मान हलवत होते. तिसऱ्या दिवशी गुरुजी आले. सांत्वनाचं काही बोलले नाहीत.

"शांत होता, हे झालं एक वाक्य. दुसरं सांग, बाई."

पुस्तकांत आयुष्य गेलेली मी, पण बापाबद्दल दुसरं वाक्य नव्हतं.

"उद्या येतो," ते म्हणाले, आणि रोज सकाळी येत राहिले. काका चिडले. "गुरुजी, पोरीचा बाप मेला. तुम्ही परीक्षा काऊन घेऊन राहिले?"

"तेरवीपर्यंतच वेळ आहे," गुरुजी म्हणाले. "मंग लोक यायचे थांबतात. अन् साऱ्यांनी म्हटलेलं ते एक वाक्यच माणूस होऊन बसते."

त्यानंतर मला भीतीच वाटू लागली. बाबा खरंच तेवढेच उरतील?

नवव्या दिवशी आठवलं. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन कालव्यावर जायची. एकदा लवकर पोचले. गेट उघडलेलं होतं, पाणी गर्जत होतं, आणि त्या आवाजाच्या आडोशाला बाबा हातवारे करत ओरडत होते. कधीच्या मेलेल्या आजोबांवर. "मले शाळेतून काऊन काढलं? सांगा ना, काऊन काढलं?" मग त्यांनी गेट बंद केलं, तोंड धुतलं आणि काठावर बसून गुपचूप भात खाल्ला.

हे सांगताना मी पहिल्यांदा रडले. गुरुजी "हां" एवढंच म्हणाले. पण उठले नाहीत.

त्यांची बायको, यमुनाकाकू, जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी विचारलं, "काकूंच्या वेळी तुम्ही कोणतं वाक्य सांगितलंत?"

"भाजी चांगली करायची, म्हटलं." ते जमिनीकडे बघत होते. "आमच्या घरी दुसरं कोणी विचारलंच नाही. अन् मले सापडत नाही. आठवते ते सारं माझंच. मले हे द्यायची, मले ते म्हणायची. तिचं असं काही नाही."

दाराआड बसलेली आई इतक्या दिवसांत प्रथमच ओसरीवर आली.

"धानाची रोवणी झाली का आम्ही साऱ्याजणी तलावावर जात होतो, गुरुजी. आम्ही काठावर पाय धुवत होतो. यमुनाबाई मात्र पोहत पार मधात जायच्या, अन् उताण्या पडून राहायच्या. हाका मारमारून आमचे गळे बसले, तरी येत नव्हत्या."

गुरुजींनी मान वर केली.

"तिले पोहता येत होतं?"

"मासोळीवानी."

मग अगदी हळू आवाजात त्यांनी आईला विचारलं, "पाणी लय खोल होतं काय वो तिथं?"